मांजराने पाच बांगडे नेले, तर?

डिचोलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: "माझी मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. मोजणं, बेरीज ठीक जमते, पण वजाबाकी आली की रडते. माझा स्वभाव गमत्या, त्यामुळे अभ्यास घेताना मी विनोद करतो. कधी ती खूप हसते आणि पटापट उत्तरं देते, तर कधी विनोदानंतरच रडायला लागते. परवा तेरातून पाच गेले तर किती, हे तिला येईना. मी म्हटलं, 'तुझ्या डोक्यात शहाळ्याचं पाणी भरलंय वाटतं.' घरातले सगळे हसले आणि ती वही टाकून आत निघून गेली. पत्नी म्हणते, गणितात मस्करी नको, मुलीला सगळं खोटंच वाटायला लागेल. विनोद करावा की नाही? करायचा तर कसा?"

करा, जरूर करा. फक्त शहाळ्याच्या पाण्याचा विनोद पुन्हा करू नका. आणि आज जमलं तर तिच्याजवळ बसून सांगा, "बाय, त्या दिवशी माझं चुकलं." एवढंच वाक्य पुरे, कारणं देत बसू नका.

मी फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पहिली आणि दुसरी. निवृत्त झाल्यापासून गावोगावी पालकांबरोबर बसते. मुलांशी खेळत गणित करणारे बाप मला मनापासून आवडतात. बहुतेक घरांत गणित म्हणजे संध्याकाळी सात वाजताचा चढलेला आवाज असतो. तुमच्याकडे तसं नाही, ही मोठी गोष्ट आहे.

तुमची मुलगी एकदा का हसते आणि एकदा का रडते, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ज्या दिवशी ती हसली, त्या दिवशी विनोदातला वेडा तुम्ही असणार, नाहीतर एखादा हत्ती किंवा बोका. ज्या दिवशी रडली, त्या दिवशी वेडी ती होती. "माझं उत्तर चुकलं" आणि "मीच वाईट" यातला फरक सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्यात घरातले चार जण एकदम हसले की त्याच्यासाठी तो विषयच संपतो. म्हणून एक नियम पक्का धरा. विनोदात चुकणारा कायम दुसरा कोणीतरी असावा आणि त्याची चूक पकडायचा मान तिचा असावा. पुढे मी जे सांगते आहे ते सगळं याच एका नियमावर उभं आहे.

मूल हसतं तेव्हा नेमकं काय होतं ते पाहा. मी पहिलीच्या वर्गात खडू मोजायला घ्यायचे, "एक, दोन, तीन, पाच, चार…" ज्यांना क्रम पक्का ठाऊक होता त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य यायचं, मग हसू, आणि मग हात वर व्हायचे. ज्यांना ठाऊक नव्हता ती मुलं आधी शेजाऱ्याकडे बघायची आणि तो हसला की हसायची. अर्ध्या क्षणाचा फरक, पण त्यावरून मला कळायचं की उद्या कोणाजवळ जाऊन बसायला हवं. चाचणी घेतली असती तरी एवढंच कळलं असतं, आणि वर चार मुलांच्या पोटात गोळा आला असता. मुलाला जे येत नाही त्यावरचा विनोद त्याला कळतच नाही. त्यामुळे तिचं हसू हे तिला काय येतं याची खूण आहे. ती हसली नाही तर विनोद फसला असं समजू नका, ती गोष्ट अजून शिकवायची राहिली आहे असं समजा.

माझ्याकडे मोज्यात कापूस भरून केलेलं एक माकड होतं. डोळ्यांना दोन बटणं, एक काळं आणि एक निळं, कारण त्या दिवशी घरात तेवढीच सापडली. या माकडाला मोजता यायचं नाही. कधी ते एकच खडू दोनदा मोजायचं. कधी मधला एक सोडून पुढे जायचं. कधी "एक, दोन, तीन, चार, पाच" असं अगदी बरोबर मोजायचं, पण "मग एकूण किती रे?" विचारलं की ठामपणे सांगायचं, "दोन!" मुलं जागेवरून उठून ओरडायची, "फट! फट!" कोकणीत फट म्हणजे खोटं. मग एकेक जण पुढे येऊन माकडाचा हात धरून त्याला मोजायला शिकवायचा.

या तीन चुका मी मुद्दाम निवडल्या होत्या. प्रत्येक वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळ्या वस्तूंची संख्या, ही मोजण्याची मुळं आहेत. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या अभ्यासकांनी १९७८ साली ती नीट मांडली. तिसरं मूळ सगळ्यात उशिरा धरतं. तुमची मुलगी माकडाच्या "दोन!" वर मनापासून हसली तर पाया पक्का आहे, वजाबाकीकडे निर्धास्त जा. नुसतीच बघत राहिली तर वजाबाकी पंधरा दिवस बाजूला ठेवा.

बाहुलीच्या मदतीचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. मोठ्या माणसाने एक ओळ लांबवली आणि "आता सारख्याच आहेत का?" विचारलं, तर बरीच मुलं "नाही, लांब ओळीत जास्त" म्हणाली. हेच काम एका खोडकर अस्वलाने केलं, म्हणजे डब्यातून उडी मारून खेळ विस्कटल्यासारखं केलं, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी "सारख्याच आहेत" असं बरोबर सांगितलं. सोंगट्या त्याच, मुलंही त्याच वयाची. मग असं का व्हावं? मोठं माणूस काहीतरी करून तोच प्रश्न पुन्हा विचारतं तेव्हा मुलाला वाटतं, यांना वेगळं उत्तर हवं आहे. अस्वलाच्या खोडीमागे असा काही हेतू त्याला दिसत नाही.

यातून घरी घ्यायची गोष्ट म्हणजे "नक्की?" हा शब्द जपून वापरायचा. ती "आठ" म्हणाली आणि तुम्ही भुवया उंचावून "नक्की?" म्हणालात, की ती "सात… नाही नाही, नऊ!" म्हणते. तिचं गणित चुकलेलं नसतं, ती तुमचा चेहरा वाचत असते. "नक्की?" विचारायचंच असेल तर माकडाला विचारू द्या.

आता तुमच्या तेरातून पाचकडे येऊ. ती तिथेच का अडते? तेरामध्ये सुटे तीनच दिसतात आणि तीनातून पाच जात नाहीत. मुलाला तिथे खरोखरच भिंत दिसते. मी हे असं करायचे. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचे बांगडे कापायचे, वीसेक पुरेत. नारळाच्या झाडूची एक हीर घ्यायची आणि त्यात दहा बांगडे ओवायचे. हे झालं एक दशक. तीन बांगडे बाजूला सुटे ठेवायचे. आता मांजर व्हायचं. तुम्हीच व्हा, तिला मांजर करू नका. "म्याऊ, मला पाच बांगडे हवेत." सुटे तीन गट्टम करा. मग रिकाम्या जागेकडे बघून तुम्ही रडायला लागा. "पाच हवे होते! इथे तर तीनच होते! आता मी काय करू?"

इथे थांबा. पाच-दहा सेकंद नुसतं रडत राहा. तीनातून पाच जात नाहीत म्हणून आजवर ती रडत होती, आता त्याच ठिकाणी मांजर रडतं आहे आणि तिला त्याची समजूत काढायची आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं या क्षणी हिरीकडे बोट दाखवायची. "अरे वेड्या, त्यात आहेत ना!" मग विचारा, "मी किती खाल्ले? अजून किती खायचे राहिले?" ती "दोन" म्हणेल. दोन बांगडे तिच्याच हाताने हिरीतून काढू द्या. हिरीत उरलेले मोजा. आठ. तिने तेरातून आधी तीन काढून दहा केले आणि दहातून दोन काढले. पुढे आयुष्यभर ती तोंडी वजाबाकी याच वाटेने करणार आहे आणि तिला ती वाट मांजराने दाखवली असेल.

दुसऱ्या दिवशी मांजराचं पोट दुखू द्या. ते दोन बांगडे परत देईल, हिरीत पुन्हा दहा होतील. मग तीन परत देईल आणि पुन्हा तेरा. मुलं या पोटदुखीवर अगदी लोळून हसतात. वजाबाकी उलटी फिरवली की बेरीज होते, हे त्या हसण्यात त्यांच्या हाताला कळून जातं. चार-पाच दिवसांनी कागदी मासे बाजूला ठेवून वहीत माशांची चित्रं काढा आणि मग नुसते अंक. घाई करू नका. अंक लिहिताना ती अडली तर हळूच "म्याऊ" म्हणा, तेवढं पुरतं.

एक जुना विनोद मात्र या वयात टाळा. फांदीवर पाच पक्षी, शिकाऱ्याने एकाला गोळी मारली, किती उरले? मूल "चार" म्हणतं आणि मोठे हसतात, कारण आवाजाने सगळेच उडाले. मोठ्या मुलांना ठीक आहे. पण नुकतीच वजाबाकी शिकणाऱ्या मुलाने बरोबर वजाबाकी केली आणि तरी ते वेडं ठरलं. पुढच्या प्रश्नाला ते गप्पच बसेल.

काही विनोद आपण करायचे नसतात. ते मुलांकडून येतात आणि आपण ते ऐकायचे असतात. दुसरीच्या वर्गातला एक मुलगा डब्याच्या सुट्टीत डाव्या हाताने भाजीपाव खात होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मला वाटलं लागलं असेल. म्हटलं, दाखव हात. तो म्हणाला, "टीचर, हातचा एक आहे. सोडला तर पडेल." सकाळी मी फळ्यावर हातच्याची बेरीज शिकवली होती आणि पाच वेळा म्हटलं होतं, "हातचा एक धरा." त्याने धरला होता.

मी हसले नाही. हसू आलं नव्हतं असं नाही, पण त्या मुलाने माझा शब्द जसाच्या तसा पाळला होता. मी दहा हिरींचा, रबराने बांधलेला एक जुडगा आणला आणि त्याच्या मुठीत दिला. "हा तुझा हातचा. हा एक दिसतो, पण आत किती आहेत?" त्याने मोजल्या. दहा. "आता हा कुठे ठेवायचा?" तो थोडा विचार करून म्हणाला, "जुडग्यांच्या घरात." दशकाच्या घराला आमच्या वर्गात त्या दिवसापासून जुडग्यांचं घर म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने मुठी मिटून हातच्याची बेरीज केली आणि तो मुलगा सगळ्यांच्या मुठी तपासत फिरला. अजूनही मला वाटतं, आपण मुलांना "हातचा" म्हणतो आणि तो हातात काय आहे ते सांगत नाही, ही आपली चूक.

"उसना" या शब्दाचं तसंच. शेजारच्या घरातून एक उसना घ्या म्हटल्यावर एका मुलीने विचारलं होतं, "परत कधी द्यायचा?" तिच्या घरी उसनी साखर आणली तर परत दिली जायची. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वजाबाकीत आपण उसनं काही घेतच नाही. दहाची नोट मोडून सुटे करतो. त्यानंतर मी उसना शब्द सोडून दिला आणि "दहाची मोड" म्हणू लागले. तुम्ही सुरुवातीपासून मोडच म्हणा. दुकानदार "सुटे नाहीत हो" म्हणून हात हलवतो हे नाटक जोडीला घ्या, मुलांना ते पाठ असतं.

पुढच्या काही महिन्यांत तिला मराठी संख्यांची नावं छळणार आहेत, त्याची तयारी आत्ताच करा. पंचवीस ऐकलं की मूल आधी पाच लिहितं आणि मग दोन, झाले बावन्न. चूक तिची नाही. नावात एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतं. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विषय थेट विधानसभेत गेला, विनोदांचा पाऊस पडला. समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम अवघड जातो. पद्धतीबद्दल मतं वेगळी असू शकतात, माझ्या मते मुलाला दोन्ही ऐकवावं. पण ती अडचण खरी आहे, हे पहिलीला शिकवलेल्या कोणालाही विचारा.

मी यासाठी कदंब बसची गोष्ट सांगायचे. पंचवीसमध्ये दोन भाऊ आहेत, थोरला वीस आणि धाकटा पाच. बस आली की धाकटा धावत पुढे जातो आणि आधी ओरडतो, "पंच!" मागून थोरला सावकाश म्हणतो, "वीस." पण खिडकीची जागा, डावीकडची, ती थोरल्याचीच. नाव घेताना धाकटा पुढे, बसताना थोरला पुढे. मुलं दोन खुर्च्या मांडून हे खेळायची. एखाद्याने धाकट्याला खिडकीत बसवलं की बाकीचे ओरडायचे, "उठ, उठ, बावन्न झालं!"

एकोणीस, एकोणतीसचं सोपं आहे. घराच्या उंबरठ्यावर उभे राहा आणि "एकोण…" म्हणत एक पाय हवेत धरा. ती "तीस!" म्हणत आत उडी मारेल. एकोणतीस म्हणजे तिसाच्या दारात आलेला, आत यायला एक पाऊल कमी. असं करत एकोणनव्वदपर्यंत या. शंभराच्या दारात ती बहुधा "एकोणशंभर!" ओरडेल. तेव्हा तिच्याबरोबर हसा आणि तिला खरं सांगा, की नियमाने तिचंच बरोबर आहे, भाषेनेच तिथे नव्व्याण्णव म्हणायचं ठरवलं आहे. मुलं "साडेएक" आणि "साडेदोन" म्हणतात तेव्हाही हेच सांगावं. साडेतीन, साडेचार ऐकून त्यांनी स्वतः नियम शोधून काढलेला असतो. त्यावर हसून "अगं, दीड म्हणतात" असं उडवून लावलं तर त्यांच्या डोक्यातला सगळ्यात हुशार कोपरा दुखावतो.

साडेएकवरून अपूर्णांक आठवले. ती अजून लहान आहे, पण हा खेळ गोव्यात राहणाऱ्या मुलाला फुकट मिळतो, तेव्हा सांगून टाकते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. माझा नातू सात वर्षांचा, पावाच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला व्हायची वाट बघत फाटकात उभा असतो. एके दिवशी मी त्याला म्हटलं, "मला आज भूक कमी आहे, पावच पाव दे." तो माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, पाव किलो म्हणजे एका किलोचे चार भाग केले त्यातला एक ना? मग पावाचे चार भाग कर आणि त्यातला पाव मला दे. त्याने सुरी मागितली, ताटलीत पाव ठेवला, एकदा मधून कापला, मग आडवा कापला आणि एक तुकडा माझ्यासमोर धरून अगदी हळू म्हणाला, "हा पाव पाव." आणि मग जे हसायला लागला ते थांबेना. दिवसभर घरात पाऊण पाव, सव्वा पाव, पावणेदोन पाव चालू होतं. संध्याकाळी त्यानेच मला अडवलं. "आजी, अर्धा पाव म्हणजे किती?" मी म्हटलं, अर्धा पाव. तो म्हणाला, "पण पावचा अर्धा केला तर?" आणि सकाळच्या आकाराचा तुकडा परत मधून कापून दाखवला. आठवा भाग त्याने असा शोधला.

खाण्याचा पाव पोर्तुगीज भाषेतून आला आणि चौथ्या हिश्शाचा पाव संस्कृत पाद शब्दापासून. दोघांची भेट आपल्या ताटलीत झाली. आमच्या आज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायच्या. ते पाढे आता परत येणार नाहीत, पण ते शब्द तरी घरात वापरात ठेवा. "अर्धा तास" म्हणता तसं "पाऊण तास" म्हणा, "दोनला पाव कमी" म्हणू नका, "पावणेदोन" म्हणा.

शून्यासाठी फार काही लागत नाही. "आपल्या घरात हत्ती किती?" असं विचारा. ती हसेल आणि म्हणेल, "नाहीत." म्हणा, "नाहीत म्हणजे किती?" शून्य हत्ती, फ्रिजमध्ये शून्य मगरी. तेरातून शून्य मगरी गेल्या तर? इथे मात्र हसता हसता ती थांबेल, थांबू द्या. अंदाजासाठीही असेच अचाट आकडे वापरा. बसमध्ये कंडक्टर "फुडें, फुडें" करत असतो तेव्हा विचारा, या बसमध्ये किती माणसं असतील, तीन? नऊ हजार? ती दोन्ही टोकं हाणून पाडते आणि स्वतः "चाळीस" म्हणते. पहिलीतल्या मुलाने स्वतःहून चाळीस म्हणणं ही फार चांगली गोष्ट आहे, मग माणसं खरी बावन्न का असेनात.

तुमच्या पत्नीची शंका रास्त आहे, ती उडवून लावू नका. मुलाला खरं आणि गमतीचं यातली सीमा दिसायला हवी. त्यासाठी गमतीचं गणित कायम एकाच तोंडातून येऊ द्या, माकडाच्या किंवा मांजराच्या. बाबा म्हणून बोलताना आकडा चुकवू नका, निदान या वर्षी तरी. माकडाने सांगितलेलं चुकीचं उत्तर तसंच हवेत सोडून उठू नका, बरोबर उत्तर तिच्या तोंडून आलं की मगच माकडाला झोपवा. अगदी नवीन गोष्ट शिकवण्याच्या पहिल्या दिवशी माकड नको, कारण काय बरोबर हेच तिला अजून माहीत नसतं. आणि वही उघडून ती स्वतः लिहायला बसली की तुम्ही गप्प बसा. काही मुलांना विचार करताना शांतता लागते, आणि गमत्या बापांना ती शांतता भरून काढायची सवय असते. तिला झोप आली असेल, भूक लागली असेल, किंवा आधीच डोळ्यांत पाणी असेल तर विनोद नको आणि गणितही नको. जवळ घ्या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. तिने "अजून एकदा मांजर" म्हटलं की तिथे थांबा, उद्यासाठी राहू द्या.

आणखी एक. तुमच्या घरी कोकणी बोलत असाल तर मांजरालाही कोकणीच बोलू द्या. शाळेत सहा आणि घरी स, शाळेत दहा आणि घरी धा, याने काही बिघडत नाही. हसू घरच्या भाषेतच लवकर फुटतं. उत्तर कळलं की ते मराठीत लिहायला तिला वेळ लागणार नाही. शाळेतल्या मुलांनी माझ्या माकडाला कधीच मराठीत रागावलेलं मला आठवत नाही.

ती तिसरीत जाईल तेव्हा भागाकार येईल, त्यासाठी आमच्या वर्गातली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. चतुर्थीच्या सुट्टीआधी आम्ही मातीचे एकवीस मोदक करायचो. प्रश्न असा, की चार जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? पाच, आणि उरतो एक. हा उरलेला एक कोणाचा? उंदीरमामाचा. बाकी म्हणजे उंदीरमामाचा वाटा, एवढी व्याख्या मुलांना पुरते. पाच जण बसले तर उंदराला एक. सहा बसले तर तीन. सात जण बसले की प्रत्येकाला तीन-तीन आणि उंदीर उपाशी. तेव्हा सगळा वर्ग "अरेरे" करायचा. मग मी विचारायचे, उंदीरमामाला सगळ्यात जास्त मोदक मिळावेत म्हणून किती जणांना जेवायला बोलवावं? तासभर कोणाला सुट्टीची आठवण यायची नाही. जमिनीवर मोदक मांडून, वाटून, परत गोळा करून मुलं अकरावर येऊन पोचायची. प्रत्येकाला एक आणि उंदराला दहा.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात फारशी न बोलणारी, अकरा हे उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावरही मोदकांकडे बघत बसली होती. घंटा व्हायला आली तेव्हा उठून म्हणाली, "टीचर, बावीस जणांना बोलवूया." वर्ग हसला. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "एकवीसच मोदक आहेत. सगळ्यांना सारखा एकेक पुरणारच नाही. मग कोणालाच नाही, आणि सगळे उंदराला." तिने वहीत लिहिलं होतं, २१ भागिले २२, भागाकार ०, बाकी २१. खाली पोट फुगलेला उंदीर काढला होता, आडवा पडलेला.